एकसष्टचे कोडे : जामखेडच्या आडतीपासून पाटण्याच्या मठापर्यंत

१,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. गेली वीसेक वर्षे हा आकडा माझ्या खिशातल्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. दर जानेवारीत डायरी बदलते, आकडा पुन्हा उतरवला जातो. आमच्याकडे माणसाच्या डायरीत नुसता आकडा दिसला की बघणाऱ्याच्या मनात ओपन-क्लोजची शंका येते, आणि एकदा चहाच्या टपरीवर मला तसे विचारलेही गेले. मी सांगितले की हा आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा आकडा आहे. विचारणारा म्हणाला, "मग आता काय लागणार तो!"

आकडा भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातला. भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या जुन्या ग्रंथकारांत इतकी सरळ जन्मतारीख देणारे थोडे. 'लीलावती' सर्वांना ठाऊक असते. 'बीजगणित' तिच्या पाठचे भावंड, आणि थोरल्या बहिणीच्या गोष्टी लोकप्रिय झाल्यामुळे मागे राहिलेले. त्यात एका श्लोकात ते मित्राला हाक मारून दोन प्रश्न टाकतात. दुसरा प्रश्न असा : अशी कोणती संख्या, की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर येणारी बेरीजही पूर्ण वर्ग असेल? पहिला प्रश्न हाच, फक्त ६१ च्या जागी ६७. या प्रकारच्या गणिताला वर्गप्रकृती म्हणत. ती विद्या तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग, असे ते मित्राला म्हणतात.

प्रश्न शाळकरी पोराला कळेल इतका सोपा दिसतो. ६१ च्या शेजारचे ६० घ्या. ४ चा वर्ग १६, त्याला ६० ने गुणले ९६०, एक मिळवला ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. संपले. पलीकडचे ६२ घ्या : ८ चा वर्ग ६४, गुणिले ६२ म्हणजे ३९६८, अधिक एक ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. दोन्हीकडची घरे अशी दोन मिनिटांत उघडतात. मधल्या ६१ च्या दाराशी मात्र १, २, ३ करत बसलात तर पहिले उत्तर २२,६१,५३,९८० वर येते. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला की वर्ग होतो तो आमच्या १,७६,६३,१९,०४९ चा. दर मिनिटाला एक संख्या तपासली, रात्रंदिवस, जेवणखाण सोडून, तरी चारशे तीस वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सुरुवात केली असती तर अकबराच्या राज्यात, १५८० च्या आसपास, उत्तर हाती आले असते. शंभराच्या आतल्या कुठल्याही संख्येसाठी एवढे मोठे उत्तर येत नाही. ६१ हीच सर्वांत अवघड, आणि त्यांनी नेमकी तीच निवडली.

हा आकडा माझ्याकडे आला तो चुकीचा होऊन.

मी शिकलो बारावीपर्यंत. त्यानंतर जामखेडच्या बाजारात एका आडतदुकानावर लिहायला बसलो : कच्ची पट्टी, पक्की पट्टी, रोजकीर्द, खतावणी. उडीद, तूर, ज्वारी. इतिहासाचे वेड लहानपणापासून होते. खर्ड्याचा किल्ला आणि १७९५ ची लढाई आमच्या तालुक्यातली, अहिल्याबाईंचे चोंडी आमच्याच तालुक्यातले, तेव्हा वेड लागायला वेगळे कारण लागत नाही. नगरला कामासाठी गेलो की जुन्या पुस्तकांच्या पथारीवर तासभर जायचा. तिथे प्राचीन भारतीय गणितावरचे एक जुने, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक मिळाले. त्यात ६१ चे हे उदाहरण होते, पण रीत नव्हती, नुसते उत्तर. आणि उत्तर छापले होते १,७६,६३,९१,०४९.

मला तेव्हा ते बरोबर की चूक हे काय ठाऊक? हिशेबनिसाच्या खोडीने मी पडताळा घ्यायला बसलो. कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत. खतावणीच्या जाड कागदावर हाताने गुणाकार मांडला. २२,६१,५३,९८० चा वर्ग, गुणिले ६१, अधिक एक. आले एकोणीस अंक : ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. छापील उत्तराचा वर्ग केला तर सुरुवातच ३१,२० ने होत होती. म्हणजे माझा गुणाकार चुकला. पुन्हा केला. पुन्हा तेच. मग नवाचा पडताळा घेतला, अंकांची बेरीज करत एक अंकापर्यंत आणायची ती आपली जुनी युक्ती. दोन्ही बाजूंना १ आला. पडताळा जुळतो, मेळ जुळत नाही! चारपाच दिवस मी संध्याकाळी दुकान आवरल्यावर त्याच गुणाकारात होतो.

आमचे शेठ चौथी शिकलेले. त्यांनी मला कागद भरताना पाहिले आणि विचारले, "काय रे, कुणाची पट्टी एवढी लांब?" मी सांगितले. ६१ चे त्यांना घेणेदेणे नव्हते. म्हणाले, "फरक काढ आधी. फरक नवानं तुटतो का बघ. तुटला तर आकडे उलटेपालटे लिहिलेत कुणीतरी." ही गोष्ट मी रोज वापरत होतो. रोजकीर्दीत ५४ चे ४५ लिहिले गेले तर ९ चा फरक येतो, ८२० चे २८० झाले तर ५४० चा. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. त्यामुळेच नवाच्या पडताळ्याला ती चूक दिसत नाही. पण पुस्तकातल्या छापील आकड्यावर संशय घ्यायचे माझ्या मनात आले नव्हते.

मग त्या एकोणीस अंकी संख्येचे हाताने वर्गमूळ काढले. पूर्ण सुटले : १,७६,६३,१९,०४९. छापील आकड्यात आणि यात फरक ७२,०००. त्याला नवाने भागले, ८,०००. म्हणजे हजाराच्या आणि दहा हजाराच्या घरातले दोन अंक उलटले असणार आणि त्यांच्यात आठाचा फरक असणार. १ आणि ९. जुळाऱ्याने १९ चे ९१ केले होते. त्या रात्री मी दुकानाची शटर लावताना एकटाच हसत होतो.

पुढे अकराचा पडताळा कळला, जो अशी अदलाबदल पकडतो. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत आणि वजा करत जायचे. खरा आकडा घ्या : ९ वजा ४ अधिक ० वजा ९ अधिक १ वजा ३ अधिक ६ वजा ६ अधिक ७ वजा १, उत्तर शून्य. आकडा ११ ने निःशेष भागला जातो. लहान भावंडावर, २२,६१,५३,९८० वर, हाच पडताळा चालवला तर दिसते की मोठ्याला ११ ने भाग जायलाच हवा. चुकीच्या आकड्यात बाकी ५ उरते आणि तो तिथेच पकडला जातो.

पण मूळ प्रश्न तसाच होता. पडताळा घेणे वेगळे, उत्तर शोधणे वेगळे. बाराव्या शतकात धूळपाटीवर हा आकडा काढला कसा? त्यासाठी मला मराठी, हिंदी, इंग्रजी असे मिळेल ते वाचावे लागले, संस्कृत शब्द कोशातून काढत. रीत कळली तेव्हा ती आडतीतल्या कुठल्याही हिशेबापेक्षा लांब नव्हती. वाचकांनी कागद-पेन्सिल घेतली तर दहा मिनिटांचे काम आहे.

वर्गाला ६१ ने गुणायचे त्या संख्येला ते कनिष्ठ म्हणतात, ज्याचा वर्ग व्हायचा त्याला ज्येष्ठ, आणि जे मिळवावे लागते तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो लगेच मिळत नाही, म्हणून जो सहज मिळतो त्यापासून सुरुवात. कनिष्ठ १ धरा : ६१ मध्ये ३ मिळवले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता चक्र फिरवायचे. असा गुणक शोधा, की त्यात ८ मिळवून ३ ने भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० हे उमेदवार. ७ चा वर्ग ४९ सर्वांत जवळ, १२ ने कमी. नवे कनिष्ठ : ७ अधिक ८ म्हणजे १५, भागिले ३, पाच. नवा क्षेप : उणे १२ भागिले ३, उणे ४. नवे ज्येष्ठ ३९. ताळा बघा : ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ वजा केले १५२१, आणि ३९ चा वर्ग १५२१. एका फेरीत ८ आणि १ वरून ३९ आणि ५ वर आलो. या रीतीचे नाव चक्रवाल.

चक्र असेच फिरवत राहिले तरी उत्तर येते, पण इथे एक जवळची वाट आहे आणि ती ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ ची. क्षेप ४ असेल तर दोन्ही मुळांना दोनाने भागा, म्हणजे क्षेप चौथाई होतो. ३९ चे झाले साडेएकोणीस, ५ चे अडीच, क्षेप उणे एक. आमच्या पिढीने पावकी, निमकी, अडीचकी पाठ केली ती शिक्षा म्हणून. इथे ती कामाला येते. अडीचचा वर्ग सव्वासहा, गुणिले ६१ म्हणजे तीनशे सव्वाएक्याऐंशी. साडेएकोणीसचा वर्ग तीनशे सव्वाऐंशी. बरोबर एकाचा फरक. म्हणजे एकशे शहात्तर कोटींच्या आकड्याचे बी अडीच आणि साडेएकोणीस एवढेच आहे.

पुढे पेरणी. ब्रह्मगुप्ताने दाखवले होते की अशा दोन जोड्या एकमेकींशी गुणून तिसरी जोडी मिळवता येते : ज्येष्ठांचा गुणाकार आणि कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट यांची बेरीज हे नवे ज्येष्ठ, तिरकस गुणून मिळवले की नवे कनिष्ठ, क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. याला भावना म्हणतात. शब्द किती मवाळ, आणि काम केवढे! अडीच-साडेएकोणीसची जोडी स्वतःशीच गुणली तर कनिष्ठ साडेसत्त्याण्णव, ज्येष्ठ सातशे साडेएकसष्ट, क्षेप अधिक एक. क्षेप हवा तो आला, पण मुळांना अर्धा चिकटलेला. ती पुन्हा पहिल्या जोडीशी गुणली : ३,८०५ आणि २९,७१८. अर्धे गेले, पण क्षेप उणे एक. हीच जोडी पुन्हा स्वतःशी गुणली की उणे गुणिले उणे, अधिक एक, आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. पाचसहा पायऱ्या, प्रत्येक पायरी 'बीजगणिता'त मांडलेली.

या शेवटच्या पायरीमुळे आकड्याच्या पोटात एक खूण राहिली आहे, आणि मला ती त्याचा सर्वांत देखणा गुण वाटते. त्याचे दोन लगतचे भाग करा : ८८,३१,५९,५२४ आणि ८८,३१,५९,५२५. पहिला भाग म्हणजे बरोबर २९,७१८ चा वर्ग. दुसरा म्हणजे ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट. आकडा आपली जन्मकथा पोटात घेऊन आहे. माझ्या पुस्तकातल्या जुळाऱ्याने दोन अंक उलटले तेव्हा ही खूण पुसली गेली होती, पण ज्याच्याकडे रीत होती तो ती कधीही परत काढू शकला असता.

आकड्याला आणखी एक उपयोग आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा; ६१ चे वर्गमूळ मिळते, ७.८१०२४९६७५९०६६५४३९, दशांशाच्या सतराव्या स्थळापर्यंत बिनचूक. हातात दोन पूर्णांक, आणि त्यांत कधीही न संपणाऱ्या वर्गमुळाची सतरा घरे.

आता श्रेयाचा हिशेब. तो चोख करायला हवा, कारण दिवाळी अंकांत आणि व्यासपीठांवर याच ठिकाणी दोन अंक उलटे पडतात. १६५७ मध्ये फ्रान्समधल्या फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितींपुढे आव्हान म्हणून टाकला, आणि आपल्या देशबांधवाला, फ्रेनिकलला, लिहिताना उदाहरण म्हणून दोन संख्या दिल्या : ६१ आणि १०९. अवघड संख्या कोणती हे त्यालाही ठाऊक होते. १०९ चे ज्येष्ठ पंधरा अंकी आहे, १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. इंग्लंडात ब्राउंकरने रीत काढली. ऑयलरने चुकून तिचे श्रेय पेल या दुसऱ्याच गणितीला दिले, आणि जगभर हे समीकरण आजही पेलच्या नावाने ओळखले जाते. ज्याचा संबंध नाही त्याचे नाव खात्यावर चढले. याचा अर्थ फर्माने भास्कराचार्यांकडून घेतले असा होत नाही; तसा कुठलाही पुरावा नाही. दोघे स्वतंत्रपणे एकाच दगडाशी आले, एक पाचशे वर्षे आधी.

आपल्या बाजूनेही खाते नीट लिहावे लागते. भावना ब्रह्मगुप्ताची, हे वर आलेच. चक्रवालसुद्धा भास्कराचार्य स्वतःचे म्हणत नाहीत. याला चक्रवाल म्हणतात, एवढेच ते लिहितात. म्हणणारे कोण, हे बराच काळ कळत नव्हते. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकर याच्या १०७३ मधल्या टीकेतून जयदेव नावाच्या गणितीचे श्लोक उजेडात आणले, आणि त्यांत हीच चक्राकार रीत निघाली. हा जयदेव गीतगोविंदकार नव्हे. आणखी एक जमेची आणि एक नावेची बाजू. भास्कराचार्यांची रीत प्रत्येक संख्येला उत्तर देतेच, पण ती देणारच याची सिद्धता त्यांनी दिलेली नाही. अशा समीकरणाला उत्तर असतेच हे युरोपात अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. चक्रवाल कधीच अडकून पडत नाही याची सिद्धता १९२९-३० च्या सुमारास म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. साहित्याच्या वाचकांना त्यांचे चिरंजीव अधिक परिचित असतील : कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन.

या सगळ्यात मी स्वतः एक मोठी चूक केली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. भास्कराचार्य आपल्या गावाचे नाव विज्जडविड सांगतात आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला आहे म्हणतात. हे गाव कोणते यावर विद्वानांचे भांडण जुने आहे. विजापूर म्हणणारे आहेत, बीड म्हणणारे आहेत. 'लीलावती'चे १५८७ मध्ये फारसी भाषांतर करणाऱ्या फैजीने बीदर लिहून ठेवले. जामखेड बीडच्या सरहद्दीवर. सौताड्याचा धबधबा बघायला आम्ही जातो तो बीड जिल्ह्यात पडतो, आणि पाणी आमच्या विंचरणेचे. विड म्हणजे बीड, बालाघाट म्हणजे सह्याद्रीचाच फाटा, झाले! एका गावच्या व्याख्यानमालेत मी हे ठोकून सांगितले. टाळ्या पडल्या. एका वयस्कर शिक्षकांनी नंतर बाजूला घेऊन विचारले, "पाटण्याचा शिलालेख वाचलात का तुम्ही?" मी वाचला नव्हता.

पाटणे चाळीसगावपासून जवळ, डोंगराच्या कुशीत. पितळखोऱ्याची लेणी त्याच परिसरात. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी शोधून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला, नंतर कीलहॉर्नने तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात शास्त्रशुद्ध संपादून छापला. लेख शके ११२८ चा, इ. स. १२०७ मधला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे : वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चंगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपाल या पुरातून घेऊन गेला आणि त्याने त्याला पंडितांत अग्रणी केले, असे लेख म्हणतो. 'या पुरातून' हे दोन शब्द माझ्या व्याख्यानावर पाणी ओतायला पुरेसे होते. जवळच्या बहाळ गावी भास्कराचार्यांच्या भावाच्या घराण्यातल्या अनंतदेवाचा शके ११४४ चा लेख आहे, तोही सिंघण यादवाचा ज्योतिषी. घराणे खानदेशात रुजलेले होते. विज्जडविड म्हणजे पाटणेच असे यावरून निर्विवाद ठरत नाही, पण नावाच्या आवाजावरून बीड म्हणण्यापेक्षा दगडावरच्या अक्षराचे वजन जास्त. पुढच्या वर्षी त्याच व्याख्यानमालेत मी दहा मिनिटे मागून घेतली आणि आपले म्हणणे मागे घेतले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

पाटण्याला मी गेलो तो त्यानंतर. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, तिथून पाटणादेवी. शिलालेखाचा मजकूर तोवर छापील वाचला होता, आणि त्यातला एक भाग वाचताना मी, आडतीतला माणूस, जागच्या जागी थबकलो होतो. चंगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला, 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ त्यात नेमले. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत, पण दानाचा तपशील येतो तिथे भाषा बदलते आणि आठशे वर्षांपूर्वीची मराठी सुरू होते, कारण तो तपशील बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला.

आमच्या पक्क्या पट्टीवर हमाली, तोलाई आणि बाजार फी अशा ओळी असतात. शेतकरी त्या वाचून कुरकुरतो, आम्ही त्या न वाचता भरतो. पाटण्याच्या बाजारातही त्या दिवशी कुणीतरी कुरकुरला असणारच. पण त्या फीवर आणि त्या तेलावर कुणी मुलगा मठात रात्री बसला असेल, आणि ८, १, ३ पासून सुरुवात करून त्याने २९,७१८ चा वर्ग केला असेल. तो बसला होता असा पुरावा माझ्याकडे नाही. बसण्याची सोय केली होती, याचा पुरावा दगडावर आहे. ग्रंथ असे टिकतात : नकला करणाऱ्यांच्या चुका होत राहतात, आणि रीत शिकलेला एकजण त्या दुरुस्त करत राहतो.

ही रीत मठाच्या भिंतींतही राहिली नाही. १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने 'बीजगणित' फारसीत आणले आणि शाहजहानला अर्पण केले. अताउल्ला हा ताजमहालाच्या उभारणीतला प्रमुख स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये इंग्रजीत मजकूर नेला, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतवरून. युरोपला चक्रवाल कळले ते तेव्हा, फर्माच्या पत्राला दीडशेहून अधिक वर्षे उलटल्यावर. पुढे हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजपूर्वीच्या संख्याशास्त्रातले ते सर्वांत सुंदर काम ठरवले.

अताउल्लाचे दुसरे काम आपल्या अगदी जवळ आहे. औरंगाबादचा बीबी का मकबरा त्याने बांधला. तिथल्या दारावरच्या लेखात त्याचे नाव आहे, १६६०-६१ चे. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जातो आणि ताजमहालाची नक्कल म्हणून नाक मुरडून परत येतो. मी मागच्या वर्षी गेलो तेव्हा नातू बरोबर होता. त्याला सांगितले, हा बांधणारा माणूस आपल्या भास्कराचार्यांचे पुस्तक वाचत होता. तो म्हणाला, "आजोबा, मग त्याला एकसष्टचं आलं होतं का?" त्याच्या वहीत मी ८, १, ३ लिहून दिले आणि कारंज्याच्या कडेला बसवले. सातापर्यंत तो आपल्या आपण आला. अडीचवर अडला, कारण त्याला आता अडीचकी शिकवत नाहीत.

नगरच्या पथारीवरचे ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. चुकलेल्या आकड्यावर मी लाल शाईने एकच आडवी रेघ मारली आहे, खालचे अंक वाचता येतील अशी, जशी रोजकीर्दीत मारतात. बाजूला बरोबर आकडा, त्याखाली '७२,००० ÷ ९', आणि सही.